ओळखीचे वाटणे आणि येणे

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी सातारा जिल्ह्यातील एका गावातून शिक्षणासाठी पुण्यात आले असून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात गणित हा विषय घेतला आहे. दहावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते. बारावीला गाइडमधील उत्तरे आणि जुन्या प्रश्नपत्रिका तीन-चार वेळा वाचल्या की पेपर चांगला जायचा. मला ८८ टक्के गुण मिळाले होते. आता मात्र रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये एटीकेटी लागली आहे. पूर्वीपेक्षा जास्त तास बसते, नोट्स वाचताना सगळे समजते, परंतु परीक्षेत प्रमेय अर्ध्यावर अडते आणि उदाहरण थोडे बदलून आले की सुरुवातच सुचत नाही. माझी बुद्धी कमी पडते आहे की पद्धत चुकते आहे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ‘नोट्स वाचताना सगळे समजते’ हे तुझ्या पत्रातले वाक्य मी पुन्हा वाचले, कारण दुखणे तिथेच आहे. तिसऱ्यांदा वाचलेल्या पानावरची प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीची वाटते म्हणजे आपल्याला येते, असा मनाचा समज होतो. परीक्षेत समोर पान नसते. तिथे ओळखायचे नसून आठवायचे असते, आणि आठवण्याचा सराव तू घरी केलेलाच नाहीस. बुद्धी कमी असल्याची एकही खूण मला तुझ्या पत्रात दिसली नाही.

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासून नंतर तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. विशेष म्हणजे आपल्याला जास्त आठवेल, असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. तुझेही नेमके हेच झाले आहे.

बारावीच्या सवयीला मी नावे ठेवणार नाही. त्या प्रश्नपत्रिकेला ती पुरेशी होती. पदवीला मात्र तीन क्रेडिटच्या विषयाला १५ आठवड्यांच्या सत्रात केवळ ४५ तास व्याख्याने होतात, आणि शिक्षकांनी एकदा फळ्यावर मांडलेली सिद्धता पुन्हा उभी करण्याचे काम विद्यार्थ्यावर येऊन पडते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते एका प्रमेयावर दाखवते. बोल्झानो-वायरस्ट्रास प्रमेय तुला पाठ असेल : प्रत्येक परिबद्ध क्रमिकेला, म्हणजे वर्गात जिला बाउंडेड सिक्वेन्स म्हणतात तिला, एक अभिसारी उपक्रमिका असते, म्हणजे तिच्यातली अनंत पदे क्रम न बदलता अशी निवडता येतात की ती एका ठरावीक संख्येच्या हवी तितकी जवळ जात राहतात. वही मिटून हे विधान कोऱ्या कागदावर लिही आणि त्यातला ‘परिबद्ध’ हा शब्द खोडून टाक. आता विधान खरे राहते का? १, २, ३, ४… ही क्रमिका घे. तिची कोणतीही उपक्रमिका वाढतच जाते, त्यामुळे अट काढता येत नाही. मग ‘उपक्रमिका’ऐवजी नुसते ‘क्रमिका’ असे लिहून पाहा. १, −१, १, −१… ही परिबद्ध आहे, पण अभिसारी नाही. तिची सम स्थानांवरची पदे घेतली तर सगळी −१ येतात आणि उपक्रमिका मिळते. एवढे झाल्यावर सिद्धता लिहायला घे. अंतराल, म्हणजे संख्यारेषेचा तुकडा, दर वेळी निम्मे करून ज्या अर्ध्यात अनंत पदे आहेत ते ठेवायचे, हे तुला आठवेल. परंतु पहिले अंतराल कोठून आले, असे स्वतःला विचार. ते परिबद्धतेतून आले. प्रत्येक अट सिद्धतेत कोठे वापरली, हे सांगता येत नाही तोवर ते प्रमेय आपले झाले, असे मी मानत नाही. जिथे हात थांबेल तिथे लाल पेनाने रेघ मार, मग वही उघडून तेवढाच भाग पाहा. तीन दिवसांनी, आणि पुन्हा आठवड्याने, कोरा कागद घेऊन तेच कर. सुरुवातीचे काही आठवडे पान रेघांनी भरेल आणि आपण मागे गेलो, असे वाटेल. तेव्हा कृपा करून जुन्या वाचनाकडे वळू नकोस.

मराठी माध्यमाचे ओझे तू समजतेस तेवढे नाही. ‘प्रत्येक मुलीसाठी एक बाक आहे’ आणि ‘असा एक बाक आहे, जो प्रत्येक मुलीसाठी आहे’ या दोन वाक्यांतला फरक तुला चटकन कळतो ना? सातत्य (कंटिन्युइटी) आणि एकसमान सातत्य (युनिफॉर्म कंटिन्युइटी) यांच्या व्याख्यांतला फरक असाच, शब्दांच्या क्रमाचा आहे : डेल्टा, म्हणजे बिंदूपासून किती अंतरापर्यंत सरकायचे ती मर्यादा, प्रत्येक बिंदूसाठी वेगळा चालतो की सगळ्यांसाठी एकच हवा. उत्तर इंग्रजीत लिही, विचार खुशाल मराठीत कर.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना तो रोज संध्याकाळी मोठ्याने वाचून अभ्यास करायचा. आता मित्रांबरोबर तासन्‌तास बोलत बसतो आणि त्याला अभ्यास म्हणतो. काळजी वाटते.
— एक पालक, नाशिक

उत्तर : एकमेकांना समजावून सांगणे हाही आठवण्याचाच सराव आहे, मात्र चौघांपैकी एकच जण बोलत असेल तर बाकीच्यांचे ते पुन्हा नुसते ऐकणेच होते. आपला मुलगा बोलणाऱ्यांत आहे की ऐकणाऱ्यांत, हे आपण घरीच पाहू शकता. शाखा विद्युतची असेल तर ट्रान्सफॉर्मर बॅटरीच्या स्थिर प्रवाहावर का चालत नाही, ते आपल्याला कळेल अशा मराठीत सांगायला सांगा. प्रवाह बदलत नाही म्हणून चुंबकीय क्षेत्र बदलत नाही, आणि ते बदलल्याशिवाय दुसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होत नाही, इथपर्यंत तो स्वतःच्या शब्दांत आला तर त्याच्या बैठका चालू राहू द्या. मध्येच अडखळला तर रागावू नका. दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा.