पलटणीतून पोटगी: पगार कसा कापला जातो, गाडी कुठे अडते

प्रश्न: नवरा पायदळात शिपाई आहे, सध्या जम्मूकडे. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. वर्षभर त्याने घरी पैसे पाठवलेले नाहीत. सासरच्यांनी बाहेर काढल्यामुळे मी माहेरी आहे. कोर्टात न जाता पलटणीतून काही होते का? (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: होते. लष्कर अधिनियम 1950 च्या कलम 91 नुसार जवानाच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीसाठी रक्कम कापता येते. अधिकाऱ्यांसाठी कलम 90 आहे. मुलगा-मुलगी औरस आहे की नाही, हा भेद तिथे नाही.

साध्या कागदावर नवऱ्याच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावे अर्ज लिहा आणि एक प्रत त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर ते बेळगावला आहे, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला. अर्जात नवऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा आणि युनिटचे नाव हवेच. नंबराविना आलेला अर्ज पुढे सरकणे कठीण. तो जुन्या पत्रावर किंवा कॅन्टीन कार्डावर सापडतो. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि तुमच्या खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स जोडा. पैसे नेमके कधीपासून बंद आहेत, वेगळे राहण्याचे कारण काय आणि स्वतःचे उत्पन्न किती, हे सरळ लिहा. रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपा.

लग्नाची नोंद युनिटच्या कागदोपत्री झालेली नसते, हा नेहमीचा अडथळा. दाखला जोडून ती नोंद आधी करून घ्यावी लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज नीट लिहून मिळतो आणि पत्ताही तपासून घेता येतो.

यानंतर नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते. त्याचे उत्तर आणि युनिटचा अभिप्राय घेऊन प्रकरण कमांडच्या (लष्कराच्या मोठ्या प्रादेशिक विभागाच्या) मुख्यालयात जाते, कारण मंजुरीचा अधिकार कमांडिंग ऑफिसरला नसतो. नवऱ्याचे युनिट ज्या कमांडखाली आहे तिचे हे मुख्यालय, तुमच्या बाबतीत बहुधा उधमपूरचे, पुण्याचे नाही. साताऱ्यातली माणसे पुण्यात खेटे घालून दमतात. नवऱ्याची बदली झाली तर फाइल अडकते, म्हणून पाठपुरावा लेखीच करा.

लष्कराच्या प्रचलित आदेशानुसार पत्नीला पगार आणि भत्त्यांच्या 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला 5.5 टक्के आणि सगळे मिळून जास्तीत जास्त 33 टक्के मिळतात. पगार-भत्ते 50,000 धरले तर तुम्हा तिघांचे कमाल 16,500 होतात. मोजणी एकूण पगार-भत्त्यांवर होते. कर्जाचे हप्ते वजा करून हाती उरणाऱ्या रकमेवर नव्हे.

पण ही व्यवस्था नवरा नोकरीत आहे तोवरचीच. जवान चाळिशीच्या आसपास घरी परततो आणि कपात थांबते. म्हणून पलटणीचा अर्ज सुरू असतानाच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 होते) साताऱ्यातच अर्ज करा. जम्मूला जाण्याची गरज नाही. पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात हा अर्ज चालतो. दोन्हीकडे अर्ज केल्याचे मात्र दोन्हीकडे सांगा. एकीकडे मिळणारी रक्कम दुसरीकडे विचारात घेतली जाते. लपवले तर समोरचा वकील तेच धरून बसतो.

प्रश्न: कोर्टाने पोटगी मंजूर केली. पगार जप्तीचा हुकूम पाठवला, तर युनिटने तो परत पाठवला. हा न्यायालयाचा अवमान नाही का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही. लष्कर अधिनियमाच्या कलम 28 मुळे दिवाणी न्यायालयाच्या जप्तीपासून सैनिकाच्या पगाराला संरक्षण आहे. त्याच हुकमाची प्रमाणित प्रत जोडून वरीलप्रमाणे कलम 91 खाली कपातीची मागणी करा. जप्ती परत आली म्हणून हताश होऊन बसणे, यातच खरे नुकसान होते. थकबाकी वसुलीचा कोर्टातला अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. महिने साचू दिले तर जुने महिने हातचे जातात. समन्स कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावा, म्हणजे 'पत्ता सापडला नाही' हा शेरा येणार नाही.

प्रश्न: मी हवालदार आहे. वडिलांना रोख पैसे देतो, ते सुनेला देतात. तरी मला नोटीस आली. ती नोकरी करते, असेही ऐकले आहे. (वाचक, सांगली)

उत्तर: हातोहात दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. आजपासून पत्नीच्या खात्यावर थेट पाठवा आणि नोटिशीच्या उत्तराला बँकेचे स्टेटमेंट जोडा, मुदतीत. उत्तर दिले नाही तर तुमच्या बाजूशिवाय निर्णय होतो. 'ऐकले आहे' चालत नाही. पगारपत्रक किंवा नियुक्तीचा कागद हवा. तिचे उत्पन्न सिद्ध झाले तर तिची रक्कम कमी होऊ शकते, मुलांचा वाटा मात्र वेगळा मोजला जातो. पत्नीच्या चारित्र्यावर चार ओळी लिहून बचाव होईल, असे बराकीतले सल्लागार सांगतात. पुराव्याविना त्या ओळींनी तुमचेच उत्तर कमकुवत होते.