उतार डोळ्यांना कसा कळतो?

प्रश्न : सिलिंडर नंबरचा नवा चष्मा लावल्यापासून घरातली सपाट फरशी पुढे उतरत गेल्यासारखी दिसते. चष्मा चुकला असेल काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : चुकलाच असेल असे नाही. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण 6.3 सेंटिमीटर अंतर असल्याने दोन्ही डोळ्यांतली चित्रे किंचित वेगळी असतात, आणि केवळ या फरकातून सपाट रेखाचित्रालाही खोली येते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये स्टिरिओस्कोपने, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवणाऱ्या उपकरणाने, दाखवले. उतार मात्र हा फरक पृष्ठभागावर कसा बदलत जातो त्यावरून कळतो. एखादी लग्नपत्रिका नाकासमोर वीतभर अंतरावर उभी धरून तिची उजवी कड मागे ढकला आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. उजव्या डोळ्याला ती जराशी रुंद दिसेल. फरशीसारखा पृष्ठभाग पुढे-मागे कललेला असतो, तेव्हा रुंदीऐवजी त्यावरच्या उभ्या रेषांचा कल दोन डोळ्यांत निराळा पडतो. सिलिंडर नंबरचे भिंग सगळ्या दिशांना सारखे नसते; त्याची दिशा, म्हणजे अक्ष, तिरकी असेल, तर ते नेमका हाच कल बदलते आणि मेंदू त्याचा अर्थ उतार असा लावतो. बहुतेकांना काही दिवसांत सवय होते. तोवर जिना जपून उतरावा. दोन आठवड्यांनंतरही उतार राहिला, तर अक्ष आणि फ्रेमची बसण तपासून घ्यावी. नवा चष्मा पेटीत ठेवून जुनाच वापरत राहणे, हा आपल्याकडचा लाडका उपाय, सवयीला लांबणीवर टाकतो.

प्रश्न : वडिलांची एका डोळ्याची नजर गेली. मागावर तुटलेला धागा सांधताना हात चुकतो, पण स्कूटर ते नीट चालवतात. हे कसे? (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : दोन डोळ्यांतला फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अर्ध्या मीटरवर एक सेंटिमीटर खोलीमुळे जेवढा फरक पडतो, त्याचा शंभरावा हिस्साच पाच मीटरवर उरतो. म्हणून धाग्याच्या कामात जोडनजरेची, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली पाहण्याची, उणीव लगेच जाणवते. रस्त्यावर गाड्यांचा ओळखीचा आकार, एकाने दुसऱ्याला झाकणे आणि आपण पुढे सरकताना जवळच्या वस्तूंचे भरभर मागे जाणे, हे एका डोळ्यालाही मिळते. धागा सांधताना डोके हळू डावी-उजवीकडे हलवून पाहण्यास त्यांना सांगा. गेलेल्या नजरेच्या बाजूने येणारी वाहने मात्र त्यांना मान वळवूनच पाहावी लागतील.

प्रश्न : पाऊस उघडला की जांबोटीकडचे डोंगर जवळ आल्यासारखे का वाटतात? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : इतक्या लांब जोडनजर जवळपास निकामी असते. धूळ धुऊन गेल्यावर डोंगराचा निळसर फिकेपणा कमी होतो, आणि ठळक दिसणारे ते जवळचे, असा डोळ्यांचा समज असतो.