रोमानियाचा उनिरेआ उर्झिचेनी हा फुटबॉल क्लब चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) खेळून दोन वर्षांच्या आत बंद कसा पडला?

मालकाने पैसा काढून घेतला आणि संघातले खेळाडू विकले, म्हणून. मैदानावरचं अपयश त्यानंतर आलं. राजधानी बुखारेस्टपासून सुमारे ६० किलोमीटरवरच्या या छोट्या गावाचा संघ २००६ मध्ये पहिल्या श्रेणीत चढला आणि प्रशिक्षक डॅन पेत्रेस्कू यांच्या हाताखाली २००८-०९ मध्ये थेट राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी ग्लासगोला जाऊन स्कॉटलंडच्या रेंजर्सला ४-१ हरवलं, स्पेनच्या सेव्हियावर १-० असा विजय मिळवला आणि गटात ८ गुण कमावले. अशी कामगिरी करायला मोठमोठ्या क्लबांना दशकं लागतात! पण गावातलं मैदान लहान, त्यामुळे या स्पर्धेतले घरचे सामनेही बुखारेस्टला खेळावे लागले. तिकिटांतून असा संघ पोसणं शक्यच नव्हतं. सगळी भिस्त मालकाच्या पैशांवर आणि युरोपातल्या बक्षिसांवर. २००९ च्या अखेरीस पेत्रेस्कू रशियात गेले. २०१० च्या उन्हाळ्यात मुख्य खेळाडू विकले गेले, त्यातले बरेच बुखारेस्टच्या स्टेआउआ क्लबकडे. त्याच सुमारास पात्रता फेरीत रशियाच्या झेनित संघाकडून हार झाली आणि चॅम्पियन्स लीगची कमाईही गेली. २०११ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि क्लब विसर्जित झाला.

मात्र एक लक्षात घ्या: पुढे त्याच नावाने गावात पुन्हा क्लब उभा राहिला आणि तळच्या श्रेणीतून खेळू लागला, त्यामुळे निकाल शोधताना दोन्हींची गल्लत करू नका.