बोडीत मरळ टिकवायची तर आधी तिचा चारा सोडा

प्रश्न : भंडारा जिल्ह्यात आमची 20 गुंठ्यांची मातीची बोडी (धानाला पाणी देण्याचे छोटे तळे) आहे. पावसाळ्याअखेर 8-9 फूट पाणी असते, मे महिन्यात 3 फूट उरते. दरवर्षी बीज विकत आणायचे नाही. मरळ, चालट, शिवडा असे शिकारी मासे एकदा सोडले की आपले आपण वाढत राहावेत. कोणत्या जाती एकत्र नांदतील आणि किती सोडायच्या?

उत्तर : शिवडा यादीतून आधी काढा. त्याचा जबडा एवढा मोठा की तो मरळीची पिल्लेच काय, मध्यम मरळही गिळतो. शिवाय तो पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. साचलेल्या बोडीत त्याची वीण होणार नाही, नासधूस मात्र होईल.

मरळ आणि चालट ही जोडी जमते. दोघेही हवेतून श्वास घेतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटला तरी तगतात. मरळ काठच्या वनस्पतींत दबा धरून मासे आणि बेडूक मारते. चालटाचे तोंड लहान, तो रात्री फिरून किडे, झिंगे आणि बारीक मासे खातो.

खरी अडचण चाऱ्याची. 1 किलो मरळ वाढायला साधारण 5-6 किलो छोटे मासे लागतात. 20 गुंठ्यांत वरून खाद्य न घालता वर्षाला 100 किलोच्या आसपास चारा-मासळी तयार होईल असे धरा. ती सगळीच मरळीला देता येत नाही, विणीपुरती मागे राहायला हवी. म्हणजे वर्षाकाठी मरळ 10-15 किलोच. यापेक्षा जास्त हवी असेल तर खाद्य घालावे लागेल, मग ‘आपले आपण’ हा विचार सोडावा लागतो.

जूनच्या पहिल्या पाण्यावर 5-6 किलो जिवंत खवली (छोटे चारा-मासे) आणि गोडे झिंगे सोडा. त्यांची वीण होऊ द्या. बारीक पिल्लांचे थवे काठाशी दिसू लागले की, साधारण ऑगस्टअखेर, 4-5 इंची मरळीची 50 बोटुकली सोडा आणि 3-4 इंची चालटाची 30. मरळ एकाच मापाची घ्या. 3 इंचीत 5 इंची मिसळली की मोठ्या लहानांना खातात आणि 50 ची 20 होतात. मरळीचे नर-मादी एरवी ओळखता येत नाहीत, म्हणून जोड्या जमाव्यात यासाठी संख्या याहून फार कमी करू नका.

वीण पुढच्या पावसाळ्यात. मरळ फूट-दोन फूट पाण्यात वनस्पती बाजूला सारून गोल जागा करते, तिथे पिवळसर अंडी तरंगतात. एक-दोन दिवसांत ती फुटतात. मग नारिंगी पिल्लांचा गोळा दर थोड्या वेळाने श्वासासाठी वर येतो आणि आई-बाप खाली पहारा देतात. त्या वेळी गळ टाकून पालक मासा काढला, तर बाकीचे मासे पिल्ले फस्त करतात. म्हणून जून ते ऑगस्ट मरळ धरू नये. काठाचा एक तृतीयांश भाग पाणवनस्पती आणि गवतासाठी राखा. जलपर्णी मात्र आणू नका, ती सगळी बोडी व्यापते. चालट अंडी कठीण पृष्ठभागाला चिकटवतो. फुटके माठ, दगड, झाडाचे बुंधे 3-4 फूट खोल पाण्यात टाकून ठेवा.

आता धानाचा प्रश्न. ऑक्टोबरात बोडी धानासाठी उपसली की पाणी चौथ्या हिश्शावर येते आणि खवलीला लपायला जागा राहत नाही. महिन्याभरात चारा संपतो, मग मरळी एकमेकींवर उठतात. उपशाआधीच 30 सें.मी.वरच्या मरळींपैकी निम्म्या काढून घ्या. उरलेल्या विणीसाठी ठेवा. मधोमध 3-4 फुटांचा खड्डा खोदून ठेवला तर मे महिना निभतो.

मरळ पावसाळी रात्री ओल्या गवतातून सरपटत निघून जाते. सगळ्या बांधावर 3 फूट उंच जाळी लावा, खालची कड अर्धा फूट मातीत गाडा. सांडव्याला आणि पाणी आत येण्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर बाहेरचा शिवडा पुरात आत येतो. धानावर फवारणी केल्यानंतरचे पाणी बोडीत वळू देऊ नका.

प्रश्न : सोबत रोहू-कटला ठेवता येईल का?

उत्तर : येईल, पण 8 इंचांपेक्षा मोठे सोडा, आणि ते दरवर्षी आणावे लागतील. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही.

प्रश्न : प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात हेच चालेल का?

उत्तर : वीण होणार नाही, कारण तिथे उथळ आणि वनस्पती असलेला काठ नसतो. फक्त वाढवून विकायला मरळ ठेवता येईल. थाई मांगूर (परदेशी मांसाहारी मासा) कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.