ट्रायलच्या तारखेवर गुडघा चालत नाही

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ऑपरेशनला साडेपाच महिने झाले, सूज नाही, दुखत नाही, होस्टेलच्या पायऱ्या पळत चढतेस, आणि पुढच्या महिन्यात राज्याच्या हॉकी संघाची ट्रायल आहे. शेवटी विचारलंयस, ‘ताई, जाऊ ना?’ उत्तर आधीच सांगते, म्हणजे बाकीचं पत्र जीव टांगणीला लावून वाचावं लागणार नाही. नको जाऊस.

ज्युनिअरमधलं तुझं हे शेवटचं वर्ष आहे, हे मला ठाऊक आहे. हे वर्ष हुकलं तर होस्टेलमधली जागा राहील का, पुढे रेल्वेसारख्या संघाच्या नजरेत कशी येशील, घरचे काय म्हणतील, या सगळ्याचा हिशेब तू करून बसली असणार. तो हिशेब खोटा नाही. पण त्यात गुडघ्याची बाजू मांडणारं कुणी नाही, म्हणून ती मी मांडते.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून धरणारा दोर, तुटला तेव्हा डॉक्टरांनी तो शिवला नाही. तुझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूचा एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढून, हाडात बोगदे पाडून, गुडघ्यात बसवला. बसवला त्या दिवशी तो चांगला मजबूत होता, पण त्याला रक्तपुरवठा नव्हता. मग शरीर कामाला लागतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने धागे मोडतात, नवे विणले जातात. या मोडतोडीच्या काळात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तो ऑपरेशनच्या दिवशी होता त्याहूनही कमजोर असतो. वाफ्यातलं मिरचीचं रोप उपटून सरीत लावलं की आधी माना टाकतं, तसंच. फक्त रोपाने मान टाकलेली दिसते, गुडघ्याच्या आतलं काहीच दिसत नाही. उलट नेमक्या त्याच काळात सूज उतरते, चालणं सुधारतं आणि आपल्याला वाटतं, झालं की! हे विणकाम पूर्ण व्हायला वर्षभर लागतं, कधी त्याहून जास्त. साडेपाच महिन्यांत दुखत नाही याचा अर्थ दुखत नाही, एवढाच.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा 2016 सालचा एक अभ्यास आहे, तो मी माझ्याकडच्या प्रत्येक मुलीला सांगते. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळाडूने परतणं जितकं लांबवलं, तितक्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्याने घटत गेलं. दर महिन्यामागे निम्म्याने. आणि दुसरा आकडा तुझ्या वयाचा आहे. पंचविशीच्या आतले जे खेळाडू ऑपरेशननंतर पुन्हा मैदानात उतरतात, त्यांच्यात जवळपास चारांतल्या एकाचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जातो. तुला घाबरवायला हे लिहीत नाहीये. साडेसहाव्या महिन्यात ट्रायलला उभी राहिलीस तर नक्की काय पणाला लागेल, ते तुला माहीत असावं म्हणून लिहितेय.

तू म्हणशील, मग नऊ महिने झाले की मोकळी? तसंही नाही. नऊ महिन्यांआधी नाही, एवढंच नक्की. त्यानंतर पायाने परीक्षा द्यायची.

या परीक्षेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुझे फिजिओ चांगले असले तरी त्यांच्याकडे हॉकीवाल्या मुली फारशा येत नसणार. ते एका पायावर लांब उडी मारायला लावतील, मग सलग तीन उड्या, मग रेषेच्या या बाजूने त्या बाजूला तिरक्या उड्या. मशीनवर मांडीची ताकद मोजतील. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरला पाहिजे, असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण त्यात एक फट आहे. इतके महिने तुझा चांगला पायही बसून होता, तोही उतरलाय. उतरलेल्या पायाच्या नव्वद टक्के म्हणजे काय? म्हणून दुखापतीच्या आधीचे तुझे आकडे कुठे असतील, कॅम्पमधल्या फिटनेस टेस्टचे वगैरे, तर शोधून काढ आणि त्यांच्याशी ताडून बघ.

आता हॉकीचं. आपल्या खेळात डावखुरी स्टिक नसते. त्यामुळे घरी डाव्या हाताने भाकरी थापणारी मुलगीसुद्धा मैदानावर त्याच एका बाजूने खेळते. डावा पाय पुढे, कंबर वळलेली, पाठ वाकलेली. हिट मारताना डावा, पुश करताना डावा. आणि ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत आणून गोलात भिरकावताना, तर शेवटची लांब ढांग डाव्या पायावर पडते आणि सगळं धड त्या गुडघ्यावरून फिरून जातं. तुझा गुडघा डावा आहे आणि तू फ्लिकर आहेस. उजवा असता तरी मी तुला थांबच म्हटलं असतं, पण डावा आहे म्हणून जरा जास्त दटावून म्हणते.

शिवाय टेंडन काढलाय मांडीच्या मागून. तो स्नायू नडगीच्या हाडाला मागे खेचून धरतो, म्हणजे एसीएलचा तो सख्खा सोबती. सरळ पळताना त्याची उणीव जाणवत नाही, गुडघा खोल वाकवून जोर लावायची वेळ आली की जाणवते. आणि आपण अख्खी मॅच वाकूनच काढतो. तेव्हा फिजिओंना सांग, मांडीच्या मागची ताकद गुडघा पूर्ण वाकवूनही मोजा. नुसती बसून पाय सरळ करायची टेस्ट पुरेशी नाही.

मैदानात मी तुला काय करून दाखवायला सांगेन, तेही ऐकून ठेव. स्टिक जमिनीला लावून, खाली बसून चेंडू अडवायचा आणि त्याच दमात उठून उजवीकडे निघायचं. डावीकडून निसटणाऱ्या फॉरवर्डला स्टिक उलटी फिरवून, रिव्हर्सने गाठायचं, म्हणजे डावा पाय रोवून वळायचं. पूर्ण वेगात येऊन शिट्टीला थांबायचं, कुठल्या बाजूला वळायचं ते मी आयत्या वेळी ओरडून सांगणार. हे सगळं दमलेली असताना, तासभर सरावानंतर. ताज्या पायांनी कुणालाही जमतं. आणि मी समोरून मोबाइलवर शूट करणार, गुडघा आत कोसळतो का बघायला. मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि बहुतेक वेळा कुणी धडकलेलं नसतं. पाय रोवला, गुडघा आत गेला, संपलं. तूच लिहिलं होतंस, तुझ्या अंगाला कुणी हातही लावला नव्हता.

टर्फकडेही लक्ष दे. पाणी मारलेल्या टर्फवर बूट किंचित सरकतो, आणि ते सरकणंच गुडघ्याला वाचवतं. उन्हात टर्फ वाळलं की बूट जागच्या जागी चिकटतो आणि वळणारं अंग सगळा पीळ गुडघ्यावर टाकतं. आपल्याकडे पाणी मारायला टँकर येईपर्यंत सराव अर्धा उरकलेला असतो, हे तुला मी काय सांगू! पहिले काही महिने कोरड्या टर्फवर वळणाचे ड्रिल करायचेच नाहीत. त्या दिवशी बाजूला उभी राहून पास मार.

तुला वाटत असेल, ताईचं वय झालं, म्हणून सारखं थांब म्हणते. मग भारतीय हॉकी संघाकडून खेळलेली तीन माणसं बघ. बिरेंद्र लाक्रा, ओडिशाचा डिफेन्डर, लंडन ऑलिंपिक खेळलेला. गुडघ्याने त्याचं 2016 चं रिओ ऑलिंपिक हिरावून घेतलं. तो परत आला, 2018 चा भुवनेश्वरचा वर्ल्ड कप खेळला आणि टोकियोला उपकर्णधार म्हणून गेला. 5 ऑगस्ट 2021 ला जर्मनीला 5-4 हरवून आपण 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवलं, तेव्हा तो संघात होता. रमणदीप सिंगचा गुडघा 2018 च्या जूनमध्ये नेदरलँड्समधल्या ब्रेडाच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत गेला. त्या वर्षीचे एशियन गेम्स गेले, घरच्या मैदानावरचा वर्ल्ड कप गेला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये भुवनेश्वरलाच तो पुन्हा भारताकडून उतरला. एस. व्ही. सुनीलचाही तोच वर्ल्ड कप गुडघ्यापायी हुकला. तोही परतला. पण टोकियोच्या संघात रमणदीप नव्हता, सुनीलही नव्हता.

मुद्दाम तिघांची नावं घेतली. एकट्या लाक्राची गोष्ट सांगितली असती तर तुला बरं वाटलं असतं, पण ते अर्धंच झालं असतं. नीट बरं होऊन परतल्यावर निवड होईलच, असं कुणी लिहून देत नाही. तिघांच्याही हातून मोठ्या स्पर्धा गेल्या आणि तरी तिघं पुन्हा भारताकडून खेळले, एवढं मात्र खरं. राज्याची एक ट्रायल त्या मानाने केवढीशी आहे!

याच्या उलट गोष्टी मी खडकीत लहानपणापासून बघितल्यात. मुरमाड मैदानं, गुडघ्याला क्रेप बँडेज आणि ‘पाणी झालंय जरा’ म्हणत रविवारची मॅच खेळणारी माणसं. काय हात होते एकेकाचे! त्यांच्यातल्या कितीकांचे एसीएल तुटलेलेच असतील, तपासलंच कुणी नाही. दोन-तीन सीझन ओढून न्यायचे आणि मग हळूच दिसेनासे व्हायचे. तुझ्याकडे एमआरआय आहे, फिजिओ आहे, झालेलं ऑपरेशन आहे. त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं.

गावाकडून मालिशचा निरोप आलाच असेल. आजीला राग येणार नाही अशा बेताने सांग, पण ऑपरेशनचा गुडघा हाडवैद्याच्या हातात द्यायचा नाही. तेल लावून मांडीला हलका हात फिरवला तर हरकत नाही. गुडघा कुणी ओढायचा, मोडायचा, ‘बसवायचा’ नाही. आणि खेळत नाही म्हणून जेवण तोडू नकोस. होस्टेलच्या मुली हे हमखास करतात, वजन वाढेल म्हणून. मांडी भरायला खाणं लागतं. अंडी, डाळ, दूध, मूठभर शेंगदाणे, जे मिळतं ते पोटभर खा.

भीतीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि पुढे हसणारा चेहरा टाकलास. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. ‘झोपेत तो आवाज ऐकू येतो’, गुडघा गेला तेव्हाचा, हे काही हसण्यावारी न्यायचं नाही. ऑपरेशन झालेल्या शंभर खेळाडूंपैकी ऐंशीच्या आसपास कुठल्या ना कुठल्या पातळीवर खेळायला लागतात, पण स्पर्धेच्या पातळीवर पोचतात जेमतेम पंचावन्न. मधल्या सगळ्यांचे गुडघे कच्चे असतात असं नाही, बऱ्याच जणांना टॅकलला जायचीच भीती बसलेली असते. ती भीती ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने जात नाही. समोरची कुठे वळणार हे आधी ठरवून टॅकल, मग न ठरवता टॅकल, मग दोघी अंगावर, मग सरावाची मॅच, असं एकेक करून ती कमी होते. ज्या दिवशी एखाद्या पायरीवर पाय कचरेल, त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि कोचना तसं सांगायचं. लपवायचं नाही.

मॅचमध्ये परतताना आपल्या खेळाची एक सोय आहे, ती वापर. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. फुटबॉलवालीला एकदा बाहेर आली की संपलं, तुला तसं नाही. पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये सुरुवातीला चार-पाच मिनिटंच खेळायचं, पाय जड वाटायच्या आत बाहेर यायचं. एक लक्षात ठेव, पेनल्टी कॉर्नर, म्हणजे चुकीबद्दल मागच्या रेषेवरून सुरू होणारा गोलावरचा हल्ला, दिला की तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही, म्हणजे दमलेल्या पायांनी तिथे अडकशील. त्यामुळे ‘अजून दोन मिनिटं’ म्हणत रेंगाळू नकोस. पहिल्या काही मॅचमध्ये कॉर्नर अडवताना पहिली रनर म्हणून फटका मारणारीच्या अंगावर धावायचं नाही, आणि फ्लिक मारायचा मोह आवरायचा. दुसरी कुणी मारेल. तू इंजेक्शन तेवढं कर, म्हणजे रेषेवरून चेंडू आत ढकल, तेही डाव्या पायाची ढांग लांब टाकून चालेल असं फिजिओ म्हणाले तरच.

तोवर हात रिकामे ठेवू नकोस. स्टुलावर बसून मनगटाचं काम कर, रिव्हर्सचं विशेष, ते तुझं कच्चंच आहे. मॅचच्या वेळी कोचच्या शेजारी उभी राहा आणि समोरची पहिली रनर दर कॉर्नरला कुठली रेष धरते ते वहीत लिही. ट्रायललाही जा, पण बघायला. पिंपरीच्या नेहरूनगरला गॅलरीत बसायला कुणाची ना नाही.

आता तीन कामं कर. या आठवड्यात एका पायावर हळू खाली बसतानाचा व्हिडिओ पाठव, समोरून काढलेला, दोन्ही पायांचा. बुटांच्या तळव्याचा फोटो पाठव. आणि बाबांचा नंबर पाठव, ट्रायलचं त्यांच्याशी मी बोलते. ते चिडले तर माझ्यावर चिडू देत.

तुझी,
ताई