फ्लेमिंगो पाहून देव आठवला, आता पुढे?

ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगोंचा थवा उठताना पाहून तुला प्रार्थना करावीशी वाटली, असं म्हणालास. ती ओढ क्षणाची भावना म्हणून झटकू नकोस. बायबलमधल्या रोमकरांस पत्र 1:20 मध्ये प्रेषित पौल हेच सांगतो, देवाचं अदृश्य सामर्थ्य निर्मितीतून दिसतं.

पण तिथेच थांबू नकोस. बायबलमधलंच स्तोत्र 19 सावकाश वाच. सहाव्या वचनापर्यंत आकाश आणि सूर्य. सातव्यापासून एकदम परमेश्वराचं नियमशास्त्र, आणि पुढे स्वतःच्या गुप्त दोषांची क्षमा. सूर्यास्त पाहून क्षमा मागावी असं सहसा कुणाला सुचत नाही! ख्रिस्ताची ओळख शुभवर्तमानातूनच होते, म्हणजे त्याच्या जीवनाच्या बायबलमधल्या चार वृत्तांतांतून. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू कर, चारांत तेच सर्वांत छोटं.

पक्षी गुलाबी होतात ते खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे, असं एखादा मित्र ऐकवेल. ऐकवू दे, खरंच आहे ते. कारण कळलं म्हणून कर्ता नाहीसा होत नाही.

ओहोटीला चिखलाचा, सांडपाण्याचा वास सुटतो, तेव्हाही खाडीवर जा. सृष्टी कण्हते आहे, हेही पौलाच्या त्याच रोमकरांस पत्रात आहे, आठव्या अध्यायात.

रविवारी मात्र येऊरच्या जंगलात जाऊन ‘हीच माझी उपासना’ म्हणू नकोस. चर्चमध्ये ये. गाणी कधी बेसूर होतात, चालायचंच. आणि उपासनेनंतर लगेच सटकू नकोस, चहाला थांब.