दलदलीकाठच्या गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा खेळताना

टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलास की आधी वारा बघ. चिमूटभर गवत उडव, झाडांचे शेंडे बघ. खाली शांत असलं तरी वर वारा असतो. दुपारी समुद्रावरचा वारा वाढतो, म्हणून सकाळची वेळ घे. समोरून वारा असेल तर नेहमीपेक्षा एक पायरी लांब मारणारा क्लब (काठी) घे, पण जोर लावू नकोस.

चेंडू लाल खुंट्यांपलीकडे गेला? दंड म्हणून तुझ्या मोजणीत एक फटका वाढव. हद्द ओलांडली तिथून दोन क्लबांच्या लांबीइतक्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू ड्रॉप कर, म्हणजे हातातून खाली सोड. चिखलात मात्र उतरू नकोस. वरून घट्ट दिसतो, पाय पोटरीपर्यंत रुततो. खुंटीचं टोक हिरवं असेल तर तिथून खेळायलाच मनाई. ती जागा पाखरांची आहे, जप.